लाकडाचे खोके

गेल्या ऑगस्टमध्ये काकांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आमच्या गावच्या घराची ओटी. एक अनोळखी माणूस टेप लावून खांबाची जाडी मोजतोय आणि मागे काकू दारात उभी आहे. खाली मेसेज : 'गिऱ्हाईक आलंय. ऐनाचे खांब, सागाच्या तुळया, सगळं घेतो म्हणतो. कौलांचा हिशेब वेगळा. तुझं काय ते लवकर कळव.'

घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, आत लाकडी सांगाडा, वर मंगलोरी कौलं. पणजोबांनी बांधलेलं. ते पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं असं काकांनी ठरवलंय. खर्चात बाबांचा हिस्सा आहे आणि बाबांचा हिस्सा म्हणजे सध्या माझा हिस्सा, कारण त्यांची पुंजी पुण्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये अडकली आहे. त्या फ्लॅटबद्दल पुढे सांगतो.

मी फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. काकांना उत्तर द्यायचं टाळत होतो, त्या दिवसांत ऑफिसात जेवताना हा विषय निघाला. शेजारी बसलेला फिनिश सहकारी म्हणाला, "तुम्ही लाकडाची घरं पाडताय आणि आम्ही लाकडाची बांधतोय. युवॅस्कुलाला जाऊन ती आठ मजली इमारत तरी बघून ये."

मी गेलो. हा लेख त्या इमारतीबद्दल आहे. मी आर्किटेक्ट नाही. पहिल्या वर्षाला सगळ्यांना असतं तेवढंच इंजिनियरिंग ड्रॉइंग मी शिकलो आणि तेही काठावर पास झालो. पण २०१५ साली याच इमारतीला फिनलंडचा 'फिनलंडिया' वास्तुकला पुरस्कार मिळाला, तेव्हा निवड करणारी व्यक्तीही आर्किटेक्ट नव्हती. काइया सारिआहो या संगीतकार होत्या. तिथे अंतिम निवड मुद्दाम बाहेरच्या माणसाकडे देतात. तेवढाच मला आधार.

*

इमारतीचं नाव पूकुओक्का. फिनिशमध्ये 'पू' म्हणजे झाड, आणि लाकूडसुद्धा. मराठी कानाला हे नाव काही बरं लागत नाही, पण झाड आणि लाकूड यांना एकच शब्द असणं मला आवडलं. कुओक्काला हे युवॅस्कुला शहराचं तळ्यापलीकडचं उपनगर. शहरातून पूल ओलांडून चालत जाता येतं. हेलसिंकीहून आगगाडीने साडेतीन तास.

आन्सी लासिला यांच्या 'ओओपीईएए' या ऑफिसने हा प्रकल्प केला. सहा ते आठ मजल्यांच्या तीन इमारती. पहिली, आठ मजली, २०१५ मध्ये पूर्ण झाली; बाकीच्या दोन पुढच्या तीन वर्षांत. लाकडाची आठ मजली निवासी इमारत फिनलंडमध्ये त्याआधी नव्हती.

लांबून पाहिलं तर निराशा होते. लाकडाची इमारत म्हटल्यावर डोळ्यांसमोर पिवळसर, उबदार, कॅटलॉगातलं काहीतरी येतं. रस्त्याच्या बाजूने पूकुओक्का काळपट आहे. स्प्रूसच्या फळ्यांना गडद रंग दिलाय. ढगाळ दिवशी ती एखाद्या मोठ्या, गप्प माणसासारखी दिसते. वळसा घालून अंगणाच्या बाजूला गेलात की इमारत बदलते. इथे लार्चच्या फळ्या आहेत, रंग न दिलेल्या. ऊन-पाऊस-बर्फ खाऊन त्या करड्या होत चालल्यात, सगळीकडे सारख्या नाही. छज्जाखाली अजून मधाचा रंग टिकून आहे, उघड्यावर चांदीसारखा करडा. मला ही बाजू आवडली, कारण तिथे वय लपवलेलं नाही. आमच्याकडच्या नव्या टॉवरला दर पाच-सहा वर्षांनी रंग काढावा लागतो आणि त्यावरून सोसायटीत भांडणं होतात. या भिंतीने म्हातारं व्हायचं आधीच कबूल केलंय.

मी आत गेलो नाही. दाराला कुलूप होतं आणि कुणाची बेल वाजवून 'मला तुमची इमारत आवडते, जिना दाखवता का' म्हणायचा धीर झाला नाही. म्हणून आतल्या भागाबद्दल जे लिहितोय ते नकाशे आणि आर्किटेक्टच्या लिखाणावरून. हे आधीच सांगितलेलं बरं.

*

आता ही बांधली कशी, ते. हा लेख मुळात त्याबद्दलच आहे.

सीएलटी म्हणजे क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर. लाकडाच्या फळ्यांचा एक थर, त्यावर काटकोनात दुसरा, पुन्हा काटकोनात तिसरा. असे तीन, पाच, सात थर चिकटवून दाबलेले. प्लायवुडचा थोरला भाऊ म्हणा. लाकूड दमटपणात आडवं फुगतं, उभं फारसं नाही. थर एकमेकांना आडवे असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात आणि भलामोठा पत्रा सरळ राहतो. हे तंत्र १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत वाढलं. त्याच्या भिंती नुसत्या भरतीच्या नसतात, त्या वजन पेलतात.

पूकुओक्कात या पत्र्यांचे खोके केलेत. 'स्तूरा एन्सो' या कंपनीच्या हार्तोला गावातल्या कारखान्यात, छपराखाली, कोरड्यात. एका घराला दोन खोके. एकात बैठकीची खोली, झोपायची खोली आणि बाल्कनी. दुसऱ्यात स्वयंपाकघर, बाथरूम आणि प्रवेशाची जागा. ट्रकवरून आणायचे, क्रेनने उचलून एकावर एक ठेवायचे. एका इमारतीचं जागेवरचं काम सहा महिन्यांत झालं.

मराठीत 'खोका' म्हटलं की हल्ली लोकांना एक कोटी आठवतात. माझ्या पुण्यातल्या मित्रांसाठी दोन्ही अर्थ जुळूनच येतात : दोन खोल्यांचा खोका, किंमत पाऊण खोका.

सॉफ्टवेअरवाल्याला ही कल्पना लगेच पटते. आम्ही दिवसभर हेच करतो. मोठं काम तुकड्यांत मोडायचं, प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा आणि मग जोडायचे. पण या धंद्यात चार-पाच वर्षं काढल्यावर कळतं की तुकडे करणं सोपं असतं. अवघड असतात सांधे. कुठला तुकडा कशाला जबाबदार, आणि बिघडला तर कुठून उघडायचा, हे आधी ठरवावं लागतं.

पूकुओक्काची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे आणि ती कुठल्याच फोटोत दिसत नाही. पाण्याचे पाइप, हीटिंग, वीज, हवा खेळवायच्या नळ्या, हे सगळं बाहेरच्या सामायिक मार्गिकेच्या भिंतीत घेतलंय. म्हणजे दुरुस्तीला आलेल्या माणसाला कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. पुण्यात आमच्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावरची गळती शोधायला आमच्या बाथरूमच्या टाइल्स तीनदा फोडल्या होत्या. कोण पैसे देणार यावर दोन महिने बोलणं बंद. ज्याने पाइप मार्गिकेत नेले त्याने तीस वर्षांनंतरच्या प्लंबरचा विचार केलाय. माझ्या लेखी ही उत्तम डिझाइनची खूण आहे.

या मार्गिका मोठ्या आणि उजेडाच्या आहेत. ट्रकवर मावतील एवढ्याच रुंदीचे खोके करायचे म्हटल्यावर घरातली खोली किती मोठी होणार ते रस्ता ठरवतो. आर्किटेक्टने ती कसर दोन खोक्यांच्या मधल्या जागेत भरून काढली. हे चांगलं आहे, पण मर्यादा तिथेच उघडी पडते. फिनलंडमध्ये सरासरी घर जेमतेम दोन माणसांचं असतं. दोन माणसांना दोन खोके पुरतात. आमच्या गावच्या घरात गणपतीला वीस माणसं झोपतात : ओटीवर पुरुष, माजघरात बायका-पोरं, माळ्यावर आम्ही चुलतभावंडं. ते घर दर सणाला फुगतं आणि मग आवळतं. खोक्याला हे जमत नाही. ज्याची मापं कारखान्यात ठरतात त्याला पाहुणे आवडत नाहीत.

*

मॉड्युलर घरांच्या स्वप्नाला मोठा इतिहास आहे आणि तो बऱ्यापैकी फसण्याचा आहे. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं अमेरिकेतलं, माझ्याच जमातीचं. २०१५ साली कॅलिफोर्नियात कॅटेरा नावाची कंपनी निघाली. बांधकामाचा धंदा जुनाट आहे, तो टेक कंपनीसारखा चालवू. जमिनीपासून नळापर्यंत सगळं एकाच छताखाली करू. सॉफ्टबँक आणि इतरांनी मिळून जवळपास दोन अब्ज डॉलर ओतले. वॉशिंग्टन राज्यात सीएलटीचा मोठा कारखाना उभा राहिला. जून २०२१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

मी तेव्हा पहिल्या नोकरीत होतो. आमच्याकडेही 'अमुक धंदा जुनाट आहे, तो आपण बदलू' असं रोज कुणीतरी म्हणायचं. कॅटेरासारख्यांचं गणित कुठे चुकतं ते आता दिसतं. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत फुकट निघते. घराची दुसरी प्रत पहिल्याएवढीच जड असते. शिवाय दर गावाचे नियम वेगळे, जमीन वेगळी. घरांची मागणी लाटेसारखी येते-जाते. गवंड्यांच्या टोळीला मंदीत घरी पाठवता येतं (हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही), पण कारखान्याला घरी पाठवता येत नाही. त्याचं व्याज चालूच राहतं.

दुसरं तोक्योतलं. किशो कुरोकावा यांचा १९७२ चा नाकागिन कॅप्सूल टॉवर. तो लाकडाचा नव्हता. काँक्रीटच्या दोन मनोऱ्यांवर १४० पोलादी कॅप्सूल बोल्टने बसवलेल्या. दर पंचवीस वर्षांनी जुन्या काढून नव्या बसवायच्या, अशी कल्पना होती. पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही. २०२२ मध्ये इमारत उतरवली. तांत्रिक अडचण होतीच, मधलीच एक कॅप्सूल सहज ओढून काढावी अशी ती रचना नव्हती. पण त्याहून मोठी अडचण मालकीची होती. प्रत्येक कॅप्सूलचा मालक वेगळा आणि इमारत एक. तेव्हा दुरुस्ती की पाडकाम, यावर एकमत व्हायला वर्षानुवर्षं गेली. ज्यांनी पुण्या-मुंबईत सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग पाहिली आहे त्यांना यापुढे काही समजावायला नको.

म्हणून खोका लाकडाचा की पोलादाचा, यापेक्षा तो कुणाच्या नावावर आहे हे मला आधी विचारावंसं वाटतं. आणि इथे पूकुओक्काने जे केलं त्याबद्दल वास्तुकलेच्या मासिकांत ओळ-दोन ओळी असतात. घराच्या किमतीच्या सात टक्के आधी भरायचे, बाकीच्या कर्जाला सरकारची हमी. मग वीस वर्षं भाडं. वीस वर्षांनी घर तुमचं.

बाबांचा फ्लॅट आठवला. वीस टक्के आधी, उरलेल्यावर कर्ज. ताबा दोन वर्षांत मिळणार होता, पाच वर्षं झाली. बिल्डरच्या ऑफिसात दर वेळी नवा मॅनेजर. या पाच वर्षांत बाबा न मिळालेल्या घराचा हप्ता आणि राहत्या घराचं भाडं दोन्ही भरत आले आणि त्यात निवृत्त झाले. तो स्लॅब माझ्या बाबांच्या झोपेवर उभा आहे. बांधकाम सहा महिन्यांत उरकणं ही बातमी आर्किटेक्चरच्या पानावर 'कार्यक्षमता' म्हणून छापतात. आमच्यासारख्या घरात तिचा अर्थ साडेचार वर्षांचं भाडं वाचणं असा होतो. मला ही इमारत आवडली त्याचं निम्मं कारण हे आहे, आणि ते लार्चच्या फळीवर दिसत नाही.

*

आता पर्यावरण. या इमारतींची जाहिरात त्याच शब्दावर होते.

हिशेब सोपा आहे, तुम्हीही करू शकता. एक घनमीटर स्प्रूसमध्ये साधारण ४०० किलो कोरडं लाकूड धरा. कोरड्या लाकडाचा निम्मा भाग कार्बन, म्हणजे २०० किलो. कार्बनचा एक अणू हवेतून आला तेव्हा त्याच्याबरोबर ऑक्सिजनचे दोन होते, म्हणून ४४ भागिले १२ ने गुणा. साधारण ७३० किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढा एका घनमीटरमध्ये बंद होऊन बसलाय. दुसरीकडे सिमेंट. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून निघतो. त्यातला मोठा भाग भट्टीच्या इंधनाचा नसून चुनखडी फुटतानाच बाहेर पडतो, म्हणून भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो थांबत नाही. शिवाय लाकूड काँक्रीटच्या पाचव्या हिश्श्याएवढं हलकं, त्यामुळे पायाही कमी लागतो.

इथपर्यंत लाकूड जिंकतं. मी परतीच्या गाडीत बसलो तेव्हाही जिंकत होतं. खिडकीबाहेर तीन तास झाडंच झाडं होती. फिनलंडच्या जमिनीचा तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. पण नीट पाहिलं तर ती झाडं एकाच उंचीची होती. एकाच वर्षी लावलेली, एकाच वर्षी तोडायची. आमच्याकडे ज्याला रान म्हणतात ते हे नव्हे, हे शेत आहे, फक्त पीक साठ-सत्तर वर्षांचं. आणि २०२१ मध्ये फिनलंडची जमीन आणि जंगलं मिळून, हिशेब ठेवायला लागल्यापासून पहिल्यांदा, जेवढा कार्बन शोषतात त्याहून जास्त सोडणारी ठरली. तोड वाढली, वाढ मंदावली. यात घरांचा दोष थोडाच आहे. तोडलेल्या लाकडातला मोठा वाटा कागद, खोकी आणि जळण म्हणून काही दिवसांत किंवा वर्षांत संपून जातो. पण '७३० किलो' या आकड्याचा अर्थ त्यामुळे बदलतो. तो कार्बन बंद राहिला तर त्या आकड्याला किंमत, आणि किती वर्षं बंद राहिला हे त्याहून महत्त्वाचं. सत्तर वर्षांचं झाड कापून पन्नास वर्षांची इमारत बांधली तर हिशेब तोट्यातच जातो.

इंग्रजीतल्या त्या शब्दाला मराठीत आपण 'शाश्वत' म्हणतो. कायम टिकणारं. घराला हा शब्द जरा जड होतो. आमच्या आजोबांच्या भाषेत 'टिकाऊ' हा शब्द होता आणि तो चप्पल, छत्री, खांब सगळ्याला लागायचा. टिकाऊ म्हणजे दुरुस्त करता येईल असं. मला वाटतं लाकडी इमारतींची परीक्षा याच शब्दावर घ्यावी. त्यात पूकुओक्काला मी पूर्ण गुण देणार नाही. पाइप दुरुस्त करता येतील. पण सीएलटीचे थर गोंदाने कायमचे चिकटवलेले आहेत. उद्या इमारत उतरवली तर पत्रा कापून छोटा होईल, त्याची पुन्हा फळी होणार नाही.

युवॅस्कुलापासून तासाभराच्या आतच पेतायावेसीचं जुनं चर्च आहे. १७६५ मध्ये पूर्ण झालेलं, ओंडक्यांचं, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे लाकूड लाकडात खाचेने बसतं. ओंडक्यांची घरं सुटी करून, आकडे घालून दुसऱ्या गावी नेऊन उभी करण्याची या देशात जुनी रीत आहे. म्हणजे मॉड्युलर बांधकाम इथे काही २०१५ मध्ये जन्माला आलेलं नाही. जुन्या पद्धतीत तुकडा लहान होता आणि सांधा सुटत होता. नव्या पद्धतीत तुकडा मोठा झाला आणि सांधा पक्का.

*

लाकडाचं घर म्हटल्यावर प्रत्येक जण आगीचं विचारतो. आईनेही फोनवर पहिलं तेच विचारलं.

४ सप्टेंबर १८२७ ला फिनलंडचं तुर्कू हे शहर पेटलं. तीन-चतुर्थांश शहर गेलं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १८२८ मध्ये, पुण्याचा शनिवारवाडा जळाला. आज आपण जोत्यांमधून फिरतो, कारंज्यांपाशी सेल्फी काढतो, ते दगडी उरलेलं. वरचे मजले लाकडाचे होते. दोन शहरं एकमेकांना ओळखत नव्हती, पण एकाच हिवाळ्याच्या दोन टोकांना दोघांनीही तोच धडा घेतला. तुर्कू नंतर कार्ल लुडविग एंगेलच्या आराखड्याने रुंद रस्त्यांचं, मधे झाडं असलेलं शहर झालं. फिनलंडमध्ये उंच लाकडी इमारतींवर पुढे दीर्घकाळ बंधनं राहिली. २०११ च्या अग्निनियमांनी स्प्रिंकलरच्या अटीवर आठ मजल्यांपर्यंत लाकडी घरांना वाट मोकळी केली आणि चार वर्षांत पूकुओक्का उभी राहिली.

नियम बदलण्यामागे भौतिकशास्त्र आहे. काडी पेटते तसा ओंडका पेटत नाही. जाड लाकडाचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आगीपासून राखतो. स्प्रूससारख्या लाकडात ही आग मिनिटाला साधारण ०.६५ मिलीमीटर आत सरकते. तासाला चार सेंटिमीटर. मग इंजिनियर तेवढी जाडी वाढवून ठेवतो. माणसं बाहेर पडेपर्यंत इमारत उभी राहावी इतकाच हेतू. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांवर निम्मी ताकद गमावतं.

मला यात विज्ञानापेक्षा वेळ महत्त्वाचा वाटला. फिनलंडला भीतीतून नियमांत आणि नियमांतून पुन्हा विश्वासात यायला १८४ वर्षं लागली. आणि या काळात त्यांनी लाकूडकाम सोडलं नाही. एकमजली, दुमजली घरं लाकडाचीच राहिली. सुतार होते, म्हणून परत यायला जागा होती.

आपल्याकडे उलटं झालं. जंगलं वाचवायची म्हणून १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय वापरा असं सांगितलं. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या कामांत लाकूड बंद केलं. बंदी उठली २०२० मध्ये. त्या काळात जंगलं ज्या वेगाने जात होती ते पाहता हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या वर्षांत सुताराचा मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायला लागला. बंदी कागदावर उठते, हात परत येत नाहीत.

म्हणून पूकुओक्काची प्रत कोकणात काढा, असं मी सुचवत नाहीये. स्प्रूस तिथे उगवत नाही, वाळवी मात्र भरपूर उगवते. आणि जगभर सध्या लाकडी टॉवरांची जी उंचीची शर्यत चालली आहे, नॉर्वेचा ८५ मीटरचा, मग मिलवॉकीचा ८६ मीटरचा, त्यात मला काडीचा रस नाही. या इमारतीकडून घ्यायच्या गोष्टी माझ्या मते तीन आहेत. पाइप मार्गिकेत न्या. पैसे वीस वर्षांत असे पसरा की म्हातारपणी माणूस उघड्यावर पडणार नाही. आणि भिंतीला म्हातारं होऊ द्या. यातल्या एकालाही स्प्रूस लागत नाही.

*

परत आल्यावर काकांना व्हिडिओ कॉल केला. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. काकांनी ते सुरूच होऊ दिलं नाही.

"तू वर्षातून चार दिवस येतोस, तेही गणपतीत," ते म्हणाले. "आषाढात ये एकदा. वानरं कौलांवर नाचतात. रात्री उठून बादल्या मांडायच्या. घर शाकारायला माणूस मिळत नाही. मागच्या वर्षी मीच वर चढलो, तर तुझी काकू खाली रडत उभी. मला पासष्ट पूर्ण झाली, अरे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही. दीड हजार मैलांवरून तुर्कूचं ज्ञान देणं सोपं असतं, अंतर तर त्याच्या अडीचपट आहे. वारसा, सौंदर्य हे शब्द ज्याला रात्री बादली मांडावी लागत नाही त्याला सुचतात. स्लॅबमुळे काकूला झोप लागणार असेल तर स्लॅब हवाच.

मी एवढंच म्हणालो, "काका, स्लॅब घाला. माझे पैसे पाठवतो. पण लाकूड विकू नका. माजघराचे खांब आणि तुळया नव्या घरात बसवता येतात का ते सुताराला विचारा. आणि उतरवण्याआधी प्रत्येकावर आकडा घालून ठेवा, कुठला कुठे होता तो."

काका हसले. म्हणाले, "बघतो."

दोन दिवसांनी फोटो आला. खांबाचं वरचं टोक, जिथे तुळई बसते तिथलं. धूळ पुसलेली. लाकडात पटाशीने मारलेल्या तीन आडव्या खुणा. त्याच्या शेजारी, जरा तिरक्या, अजून पाच.

खाली मेसेज : 'सुतार म्हणतो आकडे आधीपासून आहेत. हा तिसरा. त्याच्या आधी कुठल्या तरी दुसऱ्या घरात पाचवा होता. म्हणजे खांब आपल्या घराहून जुने. मला माहीत नव्हतं.'

थोड्या वेळाने अजून एक : 'गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. सुतार आठ दिवसांत हिशेब देतो. लाकूड ठेवलं तर खर्च वाढेल म्हणतो. तू तुझं बघ.'

बघतोय.